जखमी साप सापडला आणि वनखातं सकाळी येणार: मधल्या रात्री काय करायचं

मी नववीत असताना आमच्या रानात नांगराच्या फाळाने एक धामण कापली गेली. पाठीवर चार बोटं लांब जखम होती. वडील म्हणाले, बांधावर ठेव, जगायची असेल तर जगेल. मी ऐकलं नाही. पोत्यात घालून घरी आणली, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, जखमेत हळद भरली आणि चमच्याने तोंडात दूध सोडलं. तिसऱ्या दिवशी ती मेली. पुढे कितीतरी वर्षांनी एका पशुवैद्यांनी मेलेल्या सापाचा जबडा उघडून मला दाखवलं की श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे, तोंडाच्या तळाशीच उघडतं. चमच्याने ओतलेलं दूध सरळ फुफ्फुसात उतरतं. त्या जखमेतून धामण कदाचित वाचली असती.

आता मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्यात वनखात्याकडे नोंद असलेला सर्पमित्र म्हणून काम करतो. रात्री दहा वाजता फोन येतो, "दादा, साप जखमी आहे, तुम्ही लांब आहात, तोवर काय करू?" त्या माणसासाठी हे लिहितोय. साप मारायला काठी न उचलता फोन उचलणारी माणसं वाढली आहेत, आणि आता त्यांच्याच हातून मायेपोटी साप मरू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली दहा मिनिटं

सापापासून किमान सहा-सात फूट मागे या. लहान मुलं, कुत्रं, मांजर, कोंबड्या आत घ्या. सापावर नजर ठेवायला एकच शहाणा माणूस उभा करा, बाकीच्यांना घरी पाठवा. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीची थरथर त्याला चांगली कळते. भोवती वीस माणसं पाय आपटत फिरली की जखमी साप आणखी घाबरतो आणि पळायच्या धडपडीत जखम फाडून घेतो.

उन्हात पडला असेल तर लांबून छत्री किंवा पत्र्याचा तुकडा टेकवून सावली करा. सापाचं शरीर किती तापेल ते ऊन, हवा आणि खालची जमीन यांवर ठरतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर किंवा पत्र्यावर पडलेला, हलू न शकणारा साप जखमेआधी उन्हानेच मरतो.

मग फोन. महाराष्ट्रात वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. आपल्या भागातल्या वनरक्षकाचा किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबर घरात लिहून ठेवलेला असेल तर फार उत्तम, कारण शेवटी येणारा माणूस तिथलाच असतो. फोनवर चार गोष्टी सांगा: नेमकी जागा आणि खूण, साप अंदाजे किती लांब, जखम कुठे आणि कशाने, आणि तो हलतोय का. लांबून झूम करून काढलेला एक फोटो पाठवा. फोटोसाठी जवळ जाऊ नका. मला आलेल्या कित्येक फोटोंत माणसाची चप्पल आणि घोणस एकाच चौकटीत असते आणि माझ्या पोटात गोळा येतो.

हा फोन कायद्यानेही लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्राणी पकडणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. २०२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, नाग, घोणस, धामण, दिवड हे आपले रोजचे साप पहिल्या अनुसूचीत आले आहेत. अजगर आधीपासूनच होता. या अनुसूचीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. तुमचा हेतू चांगला असला तरी खोक्यातला साप कुणाला न कळवता आठ दिवस घरात ठेवणं अंगाशी येऊ शकतं. मांडुळाच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्याची चोरटी विक्री चालते आणि घरात मांडूळ सापडलं की पहिला संशय तोच येतो. म्हणून फोनची वेळ आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव वहीत लिहून ठेवा.

ओळख पटत नसेल तर तो विषारी

हा नियम मी स्वतः पाळतो. महाराष्ट्रात माणसं ज्यांच्या चाव्याने मरतात ते मुख्य चार साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. हे चार ओळखता येतात असं गावात प्रत्येकाला वाटतं, आणि अपघात नेमके तिथेच होतात.

बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांचंच बघा. दोघेही रात्री फिरतात, दोघेही काळपट, दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट: डोक्यामागचा बराच भाग साधा काळा, मग बारीक जोडीजोडीचे पट्टे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. हे वाचायला सोपं आहे. पण तोच साप मातीने माखलेला, कात टाकायला आलेला, दाराखाली अर्धा चेंगरलेला असेल आणि उजेड मोबाईलचा असेल, तर वीस वर्षं साप बघणारासुद्धा थांबून दोनदा बघतो.

दुसरी फसगत घोणशीची. पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ही घोणस. तिचं पिल्लू लोक अजगराचं समजून उचलतात किंवा डुरक्या घोणस, म्हणजे नावात घोणस असलेला पण बिनविषारी साप, म्हणून हातात घेतात. घोणशीच्या पिल्लाला जन्मापासून विष असतं.

आणि मेल्यासारखा पडलेला साप मेलेलाच असेल असं नाही. धडावेगळं झालेलं डोकंही काही काळ चावू शकतं. रस्त्यावर चिरडलेला नाग बाजूला करायचा असेल तर लांब दांड्याचं खोरं वापरा, हात नको.

चावा झालाच तर

मधेच सांगतो, कारण शेवटी लिहिलं तर कुणी तिथवर वाचणार नाही. साप बाजूला राहू दे. चावलेल्या माणसाला आडवं करा, अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळी बांधून हाडमोडीसारखा स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडी हाताशी असेल तर सरळ प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. आवळून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने चोखणं, मांत्रिकाकडे नेणं यांत फक्त वेळ जातो आणि अवयवही जाऊ शकतो. चाव्याची वेळ लिहा. साप पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालणारं एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. पोटात दुखणं, पापण्या जड होणं ही लक्षणं मागाहून दिसतात. त्यामुळे "काही होत नाहीये" म्हणून घरी थांबू नका. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली होती.

खरंच जखमी आहे का?

मला येणाऱ्या "जखमी साप" फोनांपैकी बरेच साप धडधाकट निघतात. डोळे दुधाळ निळसर दिसतात आणि अंग फिकं पडलंय? तो आंधळा झालेला नाही, कात टाकायच्या बेतात आहे, त्याला एकटं सोडा. पोट मध्येच फुगलंय? घूस किंवा बेडूक गिळलाय. त्याला डिवचलं तर तो भक्ष्य ओकून टाकतो आणि कष्टाची शिकार वाया जाते. थंडीच्या सकाळी बांधावर सुस्त पडलेला साप ऊन खातोय.

विहिरीत पडलेला सापही पुष्कळदा जखमी नसतो, थकलेला असतो. बांधीव विहिरीला चढायला जागा नसते. एक जाड खडबडीत दोर किंवा फांद्या ठेवलेला बांबू तिरका सोडून, मागे सरून, रात्रभर तसाच ठेवा. दिवड आणि धामण तर पुष्कळदा आपापल्या वर येतात.

खऱ्या दुखापतीची लक्षणं वेगळी. अंगाच्या एका ठिकाणापासून मागचा भाग नुसता ओढला जातो: मणका दुखावलेला असू शकतो. सापाला शेकडो मणके असतात, एकाला मार बसला तरी मागचं सगळं निकामी होऊ शकतं. तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, तोंडातून बुडबुडे किंवा रक्त येतं: फुफ्फुसाला मार किंवा संसर्ग. जीभ बाहेर काढतच नाही, अंग पाठीवर पडलं तरी पालथं करत नाही: अवस्था गंभीर. यांतलं काही लांबून दिसलं तर फोनवर तेवढंच सांगा, तपासायला जाऊ नका.

जाळ्यात अडकलेला साप

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त साप यातच सापडतात. भाजीच्या वाफ्यावरचं, द्राक्षबागेवरचं, परसातल्या कोंबड्यांचं, ओढ्यात लावून विसरलेलं मासे पकडायचं बारीक नायलॉनचं जाळं. साप डोकं घालतो, खवले मागे वळलेले असल्यामुळे त्याला मागे येता येत नाही, तो पुढे रेटतो आणि धागा मांसात रुततो.

लोक काय करतात? शेपटी धरून ओढतात. कधीही ओढू नका. दुसरी चूक, घाईघाईने सगळे धागे कापून सापाला सोडून देणं. रुतलेल्या धाग्याने त्या पट्ट्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आज चांगला दिसणारा भाग चार-पाच दिवसांनी काळा पडतो आणि सडतो. असा साप रानात सुटला की कुणाला न दिसता मरतो.

तुम्ही करायचं ते इतकंच: सापाच्या जवळ न जाता, त्याच्यापासून तीन-चार फुटांवर जाळं सगळ्या बाजूंनी कापून मोकळं करा, म्हणजे तो ताणाखाली लटकत राहणार नाही. लटकलेला असेल तर खाली भाजीचा क्रेट किंवा खुर्ची सरकवून अंगाला आधार द्या. हे लांब बांबूने जमत असेल तरच. बाकी गुंता सापासकट पुढे जाऊ दे. आतले धागे सर्पमित्र आणि पशुवैद्य बोथट टोकाच्या कात्रीने, भिंगाखाली काढतात. एका दिवडीचे धागे काढायला आम्हाला सव्वा तास लागला होता.

उंदरांच्या चिकट सापळ्याचंही असंच. साप चिकटला की लोक त्याला सोलून काढल्यासारखा काढतात आणि कातडी पुठ्ठ्यावर राहते. उघड्या गोंदावर लांबूनच वर्तमानपत्राचे तुकडे किंवा पीठ टाका, म्हणजे उरलेलं अंग चिकटणार नाही. गोंद सैल करायला खाण्याचं गोडं तेल चालतं, पण ते काम डोकं सांभाळून, नाकातोंडात तेल न जाऊ देता करावं लागतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी गोंद निघतो आणि साप मरतो. विनंती आहे, घरात हे चिकट सापळे आणूच नका. त्यात चिमण्या आणि पालीही तडफडून मरतात.

खोका

आता मुख्य गोष्ट. वनखात्याने फोनवर सांगितलं की माणूस सकाळी येईल, आणि साप बिनविषारी आहे अशी जाणकाराने खात्री करून दिली, किंवा सर्पमित्राने येऊन साप पकडून दिला, तरच साप खोक्यात ठेवायचा प्रश्न येतो. विषारी साप किंवा ओळख न पटलेला साप घरच्या माणसांनी खोक्यात भरायचा नाही, मग तो कितीही मरणासन्न दिसू दे. अंगणात सपाट फरशीवर लहान साप असेल आणि तो अजिबात हलत नसेल, तर लांब काठीने मोठा प्लॅस्टिकचा टब त्याच्यावर उपडा सरकवून वर दोन विटा ठेवता येतात. त्याहून पुढे जाऊ नका.

खोका झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याचा करा. साप गुंडाळून बसल्यावर दुप्पट जागा उरेल एवढा. झाकणाला आणि बाजूंना बारीक भोकं पाडा, शिसपेन्सिल आत जाणार नाही इतकी बारीक. भोकं आतून बाहेर पाडली म्हणजे कडा आतल्या बाजूला टोचत नाहीत. तळाला वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या, वर एक जुनी सुती ओढणी किंवा उशीचा अभ्रा, शिरून बसायला. भुसा, वाळू, माती, कापूस नको, ते जखमेला चिकटतं. झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: जिवंत साप, उघडू नये. जखमी साप निघून जाऊ शकत नाही असं समजू नका. माझ्या एका परिचिताच्या घरी तस्कर जातीचा अर्धमेला साप मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून रात्री निघाला आणि दोन दिवसांनी पिठाच्या डब्यामागे मेलेला सापडला. पुठ्ठ्याला ओल लागली की तो मऊ होतो.

खोका अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा, दाराला कडी लावा. टीव्ही, मिक्सर, पिठाची गिरणी यांपासून लांब. फ्रीजवर ठेवू नका, तो सतत थरथरतो.

ऊब महत्त्वाची. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही, आणि थंडीत त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. २६ ते ३० अंशांच्या आसपास त्याला बरं वाटतं. उन्हाळा-पावसाळ्यात घरातली हवा पुरे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलमध्ये गुंडाळून, खोक्याच्या बाहेरून एकाच टोकाला टेकवा. एकाच टोकाला अशासाठी की नको वाटलं तर त्याला दुसऱ्या टोकाला सरकता यावं. बाटली आत ठेवू नका. खोक्यावर बल्ब लावू नका, उन्हात ठेवू नका. चाळिशीच्या जवळ तापमान गेलं की साप मरतो.

एकदा झाकण बंद केलं की सकाळपर्यंत उघडायचं नाही. शेजारच्यांना दाखवायला नाही, फोटोला नाही, "जिवंत आहे का" बघायलाही नाही. मला स्वतःला हे शिकायला फार वेळ लागला.

जखमेला काय लावायचं?

काहीही नाही. हळद नको, चुना नको, माणसांची मलमं नकोत. हळदीची पूड ओल्या जखमेत गोळा होते, त्यात माती मिसळते, आणि पशुवैद्याला आधी ती खरवडावी लागते. बैलाच्या जखमेत किडे पडले की आपण टर्पेंटाइन सोडतो. सापाच्या जखमेत पावसाळ्यात किडे दिसले तर तोच हात पुढे जातो. सापाला ते विष आहे. फिनेलही तसंच. वेदनेच्या गोळ्या तर चुकूनही नकोत.

जखम कोरडी पडत असेल, साप बिनविषारी असेल आणि हाताळणारा सर्पमित्र समोर असेल, तर निर्जंतुक सलाइनने माती धुऊन टाकणं आणि सलाइनमध्ये भिजवलेली गॉज ठेवणं, एवढंच तो घरी करेल. टाके, प्रतिजैविकं, एक्स-रे हे पशुवैद्याचं काम. सापाचं शरीर औषध सावकाश वापरतं, काही प्रतिजैविकं त्याला तीन दिवसांतून एकदा टोचतात. टाकेही महिना-दीड महिना ठेवावे लागतात, पुष्कळदा पुढची कात पडेपर्यंत. म्हणून "चार दिवस घरी ठेवतो, बरा झाला की सोडतो" हा हिशेब सापाला लागू पडत नाही.

खायला काही देऊ नका. धडधाकट मोठा साप आठवडेच्या आठवडे न खाता राहतो आणि दुखावलेल्या सापाला पचवायची ताकद नसते. आपणहून दूध तो कधीच पीत नाही. नागपंचमीला टोपलीतला नाग दूध पितो कारण त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. असा नाग घेऊन कुणी दारात आला आणि त्याचे दात काढलेले, तोंड शिवलेलं दिसलं, तर तोही जखमी सापच आहे आणि त्यासाठीही १९२६ आहे. पाणी द्यायचं तर वनखात्याने दोन दिवस लागतील असं सांगितलं असेल तेव्हाच, तेही सर्पमित्राच्या हातून: पसरट, जड, बोटाच्या पेराएवढं खोल भांडं. अशक्त साप खोल भांड्यात बुडतो.

अंडी सापडली तर एक वेगळी काळजी घ्या. नांगरटीत धामणीची किंवा नागाची अंडी उघडी पडतात. पक्ष्याच्या अंड्यासारखी ती फिरवायची नाहीत, आतला जीव मरतो. आहेत तशी मातीने झाका. हलवणं भागच असेल तर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून तीच बाजू वर ठेवून वनखात्याला द्या.

सोपवताना

वनरक्षक किंवा सर्पमित्र आला की साप कुठे, केव्हा, कोणत्या स्थितीत सापडला ते सांगा आणि नोंद होते ना ते बघा. सापडलेली जागा नेमकी सांगा, गट नंबर किंवा बांधाची खूण सांगितली तर अधिक चांगलं. बरा झालेला साप त्याच परिसरात सोडला तर त्याला बिळं, पाणी, वाटा माहीत असतात. लांबच्या जंगलात नेऊन सोडला तर तो भटकत राहतो. मोठ्या दुखापतीचा साप पुढे उपचार केंद्रात जातो. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला अशी केंद्रं आहेत. तुमच्या जिल्ह्यातून साप कुठे जाईल ते विचारून घ्या, आणि पंधरा दिवसांनी फोन करून चौकशी करा. माणूस विचारतोय म्हटलं की त्या सापाकडे जरा जास्त लक्ष दिलं जातं, हा माझा अनुभव आहे.

खोक्यातली वर्तमानपत्रं पुरून टाका, कापड उकळत्या पाण्यात घाला, हात साबणाने दोनदा धुवा. सापाच्या विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असतात. डबा पुन्हा धान्याला वापरू नका.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका काकांनी अशीच नांगराने कापलेली धामण कळवली. रात्रभर खोका उघडला नाही, काही लावलं नाही, सकाळी सोपवली. सात आठवड्यांनी, टाके निघून कात टाकल्यावर, वनरक्षकांनी ती त्यांच्याच बांधावर सोडली, सकाळी नऊच्या सुमारास, ऊन अंगाला लागेल पण जमीन तापलेली नसेल अशा वेळी. पिशवीचं तोंड उंदरांच्या बिळांकडे ठेवून आम्ही मागे सरलो. ती बाहेर आली, जीभ काढली, थोडी थांबली आणि घाणेरीच्या जाळीत शिरली. काकांनी मला विचारलं, पुढची नांगरट कधी करू म्हणजे ती वाचेल? मी सांगितलं, ऊन चढल्यावर करा, तेव्हा ती बाहेर पडलेली असते आणि तिला पळता येतं. बांधाला लागून दोन हात पट्टा तसाच सोडा, आणि ट्रॅक्टरवाल्याला नांगराच्या पहिल्या दोन फेऱ्यांना सावकाश चालवायला सांगा.